वायनरीत जायचंय? आधी एक मणी चावून बघा

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. घरासमोर थॉमसनची बाग आणि विहिरीच्या वरच्या अंगाला दीड एकर शिराझ. थॉमसन ही खायची द्राक्षं, शिराझ लाल वाईनची, वायनरीच्या कराराची. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि सात हंगाम एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काढले. आता नाशिकला असते. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास विचारतो, "वायनरी दाखवतेस का?" आत्या, मामेभाऊ, नवऱ्याचे ऑफिसमधले, सगळ्यांना नेऊन झालंय. बहुतेक जण थेट टेस्टिंगच्या टेबलाशी जातात, पाच ग्लास पटापट रिकामे करतात, फोटो काढतात आणि "छान होती" म्हणून परत येतात. नेमकं काय छान होतं ते त्यांना सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण चव ओळखायला लागणारं सगळं आपल्या जिभेकडे आधीपासून असतं. फक्त सुरुवात बागेतून करायची.

कधी जायचं हे आधी ठरवा. नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठीची, जिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर बाग हिरवीगार दिसेल, गंगापूर धरणही भरलेलं असेल, पण वेलीवर एक घड सापडणार नाही. घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत या. तेव्हाच तोडणी चालू असते, क्रेट भरून ट्रॅक्टर येत असतात, सेलरमध्ये, म्हणजे वाईन आंबवायच्या-मुरवायच्या जागेत, टाक्या भरलेल्या असतात. त्यातही सकाळी लवकर पोहोचा. वाईनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यातच तोडतात. ऊन लागून घड तापला की रस क्रेटमध्येच आंबायला सुरुवात होते आणि वास बिघडतो. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. गर्दी असली की वाईन वाढणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला सवड मिळत नाही आणि वायनरीत प्रश्न विचारण्यातच निम्मी मजा आहे.

कुठे जायचं? पहिल्यांदाच जात असाल तर गंगापूर धरणाच्या अंगाला सुला. तिची पहिली वाईन २००० साली आली आणि नाशिकची ओळख खायच्या द्राक्षांपलीकडे गेली त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. फेरी व्यवस्थित असते, समजावून सांगतात. जवळच यॉर्क आणि सोमा आहेत. शांतपणा हवा असेल तर इगतपुरी तालुक्यात चला. कावनईजवळ मुकणे धरणाच्या पाण्याकाठी व्हॅलोने आहे, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. सोलापूर-पुण्याकडच्यांना अकलूज भागातली फ्रातेल्ली सोयीची. तिथे सांजोव्हेझे ही इटलीची जात लावलेली आहे. एका दिवसात दोनपेक्षा जास्त वायनरी करू नका. तिसऱ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही, नुसतं पिणं उरतं.

निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. बागेत आणि सेलरमध्ये फेरी आहे का आणि किती वाजता, टेस्टिंगमध्ये किती आणि कोणत्या वाईन मिळतील, आणि त्या दिवशी ड्राय डे तर नाही ना. तिसरा प्रश्न फालतू समजू नका. निवडणुकीच्या दिवसांत दारापर्यंत येऊन परत गेलेली मंडळी मी पाहिली आहेत. वय २१ पूर्ण लागतं, म्हणून ओळखपत्र बरोबर ठेवा. घरातली मुलं बाग बघायला येऊ शकतात का हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आता पोटाचं. उपाशी जाऊ नका, पण नाशिकला आलोय म्हणून सकाळी झणझणीत मिसळ खाऊन टेस्टिंगला बसू नका. तिखटाने जीभ तासन्‌तास बधिर राहते आणि त्यावर पांढऱ्या वाईनचा नाजूकपणा लागतच नाही. मिसळ परतीच्या वाटेवर खा. सकाळी पोहे, उपमा, भाकरी-भाजी असं साधं काहीतरी. पान, सुपारी, तंबाखू, पुदिन्याच्या गोळ्या बंद. अत्तर किंवा सेंट लावू नका. आमची पुण्याची आत्या पहिल्यांदा आली ती मोगऱ्याचा भरघोस गजरा माळून. टेबलाशी बसल्यावर प्रत्येक ग्लास नाकाशी नेला की तिला मोगराच येत होता, शेजारी बसलेल्या मलाही. शेवटी तिने तो काढून रुमालात बांधला, गाडीत ठेवला आणि दहा मिनिटांनी तोच ग्लास परत हुंगला. म्हणाली, "अगं, याला तर पेरूचा वास आहे!" सोव्हिन्यो ब्लां ही पांढरी वाईन होती, आणि आत्याचं अगदी बरोबर होतं.

बागेत शिरलात की आधी वेलींची ठेवण बघा. खायच्या द्राक्षांचा मांडव किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखा आधार तुम्ही रस्त्याने पाहिला असेल. वाईनच्या बागेत वेली बहुधा तारांवर उभ्या, कुंपणासारख्या सरळ ओळीत चढवलेल्या असतात आणि घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला लागतात. मणी बघून पाहुणे हमखास निराश होतात. करवंदाएवढा, जाड सालीचा, आत दोन-तीन बिया. थॉमसनचा मणी टपोरा व्हावा म्हणून जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढ-संजीवकाचं, डिपिंग देतात, घड त्या द्रावणात बुडवतात. इथे ते नको असतं. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा असा सगळा ऐवज सालीत असतो.

फेरी घेऊन जाणाऱ्याला विचारा, "एक मणी खाल्ला तर चालेल का?" न विचारता तोडू नका. भुरी या बुरशीरोगावरची फवारणी कालच झालेली असू शकते. हो म्हणाले तर मणी तोंडात टाकून गिळू नका, तीन टप्प्यांत खा. आधी दोन बोटांनी दाबून गर बाहेर काढा. शिराझसारखी काळी जात असली तरी गर पांढरटच निघतो, रस पाण्यासारखा. म्हणजे लाल वाईनचा लाल रंग रसाचा नसतो, सालीचा असतो, हे तुम्हाला डोळ्यांनी कळलं. गर चाखा, चांगलाच गोड लागेल, खायच्या द्राक्षापेक्षाही जास्त. मग साल सावकाश चावा. आधी जांभळासारखं काहीतरी, आणि मग हिरड्यांवर ओढ जाणवेल. शेवटी बी. बी हिरवट असेल तर कडू लागते आणि तोंड आवळतं. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली कट्‌कन फुटते आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाते. आमचे आप्पा तोडणीच्या आधी आठवडाभर रोज सकाळी दहा-बारा वेलींवरचे मणी असेच चावत फिरायचे. मला म्हणायचे, "साखर यंत्र सांगतं, बी आपण चावून बघायची."

ते यंत्र म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. वायनरीत असेल तर बघायला मागा, आनंदाने दाखवतात. वीतभर बॅटरीसारखी नळी असते, पुढे तिरकी काच. दोन-तीन मणी चुरून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. वर निळं, खाली पांढरं, आणि दोन्ही जिथे मिळतात ती रेघ ज्या आकड्यावर असेल तेवढी ब्रिक्स, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम रसात तेवढे ग्रॅम साखर. खायची द्राक्षं १७-१८ ला बाजारात जातात. लाल वाईनसाठी २३-२४ पर्यंत थांबतात. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनसाठी, मात्र आंबटपणा टिकवायचा म्हणून १८-१९ लाच तोडतात. या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त म्हणजे वाईनमधल्या अल्कोहोलचं प्रमाण. २४ ब्रिक्स सगळी आंबली तर १३ टक्क्यांच्या आसपास. बाटलीच्या मागच्या लेबलावर हा आकडा दिसला की मला तर शेतातली ती रेघच डोळ्यांसमोर येते.

सेलरमध्ये थोडक्यात एवढं लक्षात ठेवा. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं आधी पिळतात, मग नुसता रस गार टाकीत आंबवतात. लाल वाईनसाठी साल-बियांसकट आंबवतात आणि मग पिळतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. स्टीलच्या टाक्यांभोवती गार पाणी फिरवतात, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात सगळे वास उडून जातील. फेब्रुवारीत गेलात तर लाल वाईनची उघडी टाकी दाखवता का विचारा. वायूमुळे साली वर येऊन जाड थर धरतो. माणसं दिवसातून दोन-तीनदा तो थर खाली दाबतात किंवा पंपाने खालचा रस वर सोडतात. जांभळ्या फेसाचा तो बुडबुडता थर आणि त्याचा ओल्या भाकरीच्या पिठासारखा वास मी आजही विसरलेले नाही. फक्त टाकीत डोकं घालू नका. तिथे साचलेला वायू जिवाला धोका करू शकतो. पुढच्या खोलीत ओकच्या लाकडाचे बॅरल असतात, नेहमीचा बॅरल २२५ लिटरचा, म्हणजे ३०० बाटल्यांचा. तिथे एकदा नाकाने श्वास घ्या आणि तो वास ध्यानात ठेवा, ग्लासात परत भेटेल.

आता टेबल. पाच-सहा वाईन, प्रत्येकी साधारण ३० मिलिलिटर. क्रम असा असतो: स्पार्कलिंग, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, आणि गोड असेल तर शेवटी. हा क्रम मोडू नका. लालनंतर पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा. खालचा भाग तळव्यात धरला तर वाईन गरम होते आणि काचेला बोटांचा वास लागतो.

पहिल्यांदा रंग बघा, खाली पांढरा कागद धरून. मग हलवायच्या आधी एकदा हुंगा. मग ग्लास टेबलावरच ठेवून बूड गोल फिरवा, वाईन भिंतींना चढू द्या, आणि परत हुंगा, या वेळी नाक आत घालून. दोन वासांत फरक पडलेला जाणवेल. मग लहान घोट, तोंडात सगळीकडे फिरवून, चार-पाच सेकंद. जमलं तर ओठ चिमटीसारखे करून थोडी हवा आत ओढा, त्याने वास मागून नाकात चढतो. आणि मग थुंका. टेबलावर पिकदाणी असते, नसेल तर मागून घ्या. आपल्याकडे चारचौघांत थुंकायची लाज वाटते हे मला माहीत आहे, पण इथे ती रीत आहे. सेलरमधली आम्ही सगळी माणसं दिवसभर थुंकतच चव बघायचो. पाच वाईन मिळून दीडशे मिलिलिटर होतात, आणि एवढ्यावरही हलक्या अंगाचा माणूस गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ओलांडू शकतो. ती मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, म्हणजे फारच थोडी. ज्याच्या हातात गाडी, त्याने त्या दिवशी फक्त वास घ्यावा. किंवा सरळ रिक्षा-टॅक्सी करा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. वाईन वाढणारा मुलगा "गूजबेरी, ब्लॅककरंट, लिची" असं काहीबाही म्हणेल. तुम्ही गूजबेरी खाल्ली नसेल तर मान डोलावू नका. तुमच्या घरातला शब्द शोधा. सोव्हिन्यो ब्लांमध्ये पेरू सापडेल, चिरलेली ढोबळी मिरची, ओल्या गवताची पेंढी, कधी कैरी. शेनिन ब्लांमध्ये अननस, पिकलेलं केळं, मध. शिराझमध्ये जांभूळ आणि ताजी कुटलेली काळी मिरी. ही मिरी कल्पना नाही. तो वास देणारं एक संयुग मिरीतही असतं आणि शिराझच्या सालीतही. बॅरलमध्ये राहिलेल्या वाईनला व्हॅनिला, लवंग, सुकं खोबरं भाजल्यासारखा वास. कॅबरने ही लाल वाईनची जात जरा कोवळेपणी तोडली असेल तर हिरवी मिरची चिरल्यासारखी येते.

आणि चवीचे शब्द तर आपल्याकडे तयारच आहेत. आंबट, गोड, कडू, तुरट. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. जितकं जास्त पाणी, तितकी आंबट. तुरटपणा उलटा, तो तोंड कोरडं करतो, हिरड्या खेचतो, कच्चं केळं किंवा कोवळी सुपारी खाल्ल्यासारखा. टॅनिन टॅनिन म्हणतात ते हेच. तुरट म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आवळा चावलेल्या प्रत्येक मुलाला ते ठाऊक असतं. तुरटपणा वाईट नव्हे, तो कसा आहे ते बघायचं: टोचतो की मखमलीसारखा पसरतो.

आमचे आप्पा माळकरी. बारा वर्षं शिराझ पिकवली, पण वाईन कधी तोंडाला लावली नव्हती. मी प्रयोगशाळेत असताना एकदा त्यांना घेऊन गेले. आमच्याच बागेच्या टाकीतला नमुना काढला होता. ते बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिले, मग हुंगला, मग "गिळत नाही" असं मला सांगून एक थेंबभर जिभेवर घेतला, फिरवला आणि पिकदाणीत टाकला. "बी पिकलेली होती त्या वर्षी," म्हणाले. अख्ख्या टेस्टिंग रूमने जे दहा शब्दांत सांगितलं असतं ते एवढंच होतं. चाखताना हे करून बघा: सकाळी बागेत साल आणि बी चावली होती, ती आठवा, आणि ग्लासात तिला शोधा.

काही गोष्टी बिनधास्त मागायच्या. दोन वाईनच्या मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव. एखादी आवडली तर तीच परत थोडी. आणि लाल वाईन कोमट वाटली तर बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला सांगा. "लाल वाईन रूम टेंपरेचरला" हे थंड देशातल्या खोल्यांचं गणित आहे, आपल्या मे महिन्यातल्या खोलीचं नाही. एका ठिकाणी भर उन्हाळ्यात मला पस्तीस अंशांतली शिराझ वाढली होती, नुसता स्पिरिटचा भपका. चांगल्या द्राक्षांची अशी माती झालेली बघून त्या दिवशी मला खरंच राग आला. लाल १६ ते १८ अंशांना, पांढरी ८ ते १२ ला चांगली. पण पांढरी फारच गार असेल तर वास झाकला जातो, मग ग्लास दोन मिनिटं तळहातात धरा, तेवढ्यापुरतं चालतं. वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा गोणपाटाचा वास येत असेल, किंवा सरळ व्हिनेगरचा, तर संकोच न करता सांगा. ती बाटली बिघडलेली आहे, दुसरी उघडतील.

प्रत्येक वाईनबद्दल तिथेच दोन ओळी लिहा, फोनवर का होईना. जात, वर्ष, आणि तुमचा एक शब्द. "कैरी." "भिजलेली माती." "नको." बाटली घेताना हीच टिपणं कामाला येतात, नाहीतर जिचं लेबल सुंदर ती घेतली जाते.

सगळ्यात महाग बाटली घेऊ नका, जिच्यापुढे तुम्ही नेमका शब्द लिहू शकलात ती घ्या. घरी काय शिजणार आहे तेही बघा. कोथिंबीर वडी किंवा तळलेल्या मासळीबरोबर सोव्हिन्यो. तिखट जेवण असेल तर किंचित गोडसर शेनिन, ती जाळ शमवते. तुरट लाल वाईन तिखटाला आणखी भडकवते, म्हणून शिराझ काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर, पण मटण बेताच्या तिखटाचं. बाटलीला फिरकीचं झाकण असलं म्हणून ती हलकी समजू नका. ताजेपणा राखायला ते चांगलंच असतं.

बाटल्या गाडीत तशाच ठेवून दुसरीकडे जेवायला जाऊ नका. उन्हात बंद गाडी तासाभरात भट्टी होते आणि वाईन शिजते. वणी-सापुताऱ्याकडून पुढे सुरतला उतरणार असाल तर बाटल्या घेऊच नका. गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीवर तपासणी होते. घरी पोहोचल्यावर अंधाऱ्या, गार जागी ठेवा, बुचाची असेल तर आडवी. गॅसजवळच्या कपाटात नको, फ्रिजच्या वरही नको. पांढरी वाईन वर्ष-दोन वर्षांतच पिऊन टाका, ती बहुधा जपून ठेवण्यासाठी केलेलीच नसते. उघडलेली बाटली, लाल असली तरी, झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. लाल वाईन मात्र प्यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा.